ग्रहण पाहा, पण डोळे सांभाळून

सूर्यग्रहण जवळ आले की आमच्याकडे दोन प्रकारची माणसे चौकशीला येतात. काहींचा प्रश्न असतो, ‘डॉक्टर, ग्रहणात घराबाहेर पडले तर चालेल का?’ दुसरे विचारतात, ‘डॉक्टर, एखादी जुनी एक्स-रे फिल्म असेल तर द्या ना, पोरांना ग्रहण दाखवायचे आहे.’ पहिल्यांची भीती अनाठायी असते आणि दुसऱ्यांचा धीर अनाठायी असतो. दोघांनाही एकच गोष्ट नीट समजावून सांगावी लागते. ती आज या सदरातून सर्वांसाठी सांगतो.

२ ऑगस्ट २०२७ रोजी, सोमवारी, सूर्यग्रहण आहे. दक्षिण स्पेन, उत्तर आफ्रिका, इजिप्तमधील लक्सर आणि सौदी अरेबिया या पट्ट्यात ते खग्रास दिसेल. लक्सरच्या परिसरात सूर्य सहा मिनिटांहून अधिक काळ पूर्ण झाकलेला राहील. आपल्याकडे मात्र दुपारनंतर ते खंडग्रास दिसेल, म्हणजे सूर्याचा काही भागच झाकला जाईल. नेमक्या वेळा पंचांगात आणि वर्तमानपत्रात येतीलच. दिवस शाळेचा आहे आणि वेळ साधारण शाळा सुटण्याची. ही गोष्ट पालकांनी व शिक्षकांनी आतापासून ध्यानात ठेवावी.

ग्रहणाचे किरण वेगळे नसतात

माझ्या पिढीतील वाचकांना १६ फेब्रुवारी १९८० चे ग्रहण आठवत असेल. कर्नाटकातून खग्रास ग्रहणाचा पट्टा गेला होता आणि आपल्याकडेही सूर्याचा बराच मोठा भाग झाकला गेला होता. त्या दुपारी भल्या मोठ्या शहरांतील रस्ते ओस पडले होते. दारे-खिडक्या बंद करून माणसे घरात बसली होती. ग्रहणाच्या वेळी सूर्यातून काही विषारी किरण निघतात, असा समज त्यामागे होता.

तसे काही होत नाही. ग्रहणात सूर्य आहे तसाच असतो. पृथ्वी व सूर्य यांच्या मधे चंद्र येतो आणि सूर्याचा काही भाग आपल्यापुरता झाकतो, एवढेच. मग डोळ्यांना इजा ग्रहणातच का होते? कारण एरवी आपण सूर्याकडे पाहतच नाही. चुकून नजर गेली तरी डोळे दिपतात, पाणी येते, पापण्या आपोआप मिटतात. निसर्गाने दिलेले हे कवच आहे.

ग्रहणात हे कवच दोन प्रकारे सैल पडते. एक तर कुतूहलामुळे माणूस मुद्दाम टक लावून पाहतो. दुसरे म्हणजे सूर्याचा बराचसा भाग झाकला गेला की एकूण उजेड कमी होतो, त्यामुळे डोळे पूर्वीसारखे दिपत नाहीत आणि बाहुलीही थोडी मोठी होते. परंतु सूर्याची जी कोर उघडी असते, तिचा प्रत्येक कण नेहमीइतकाच प्रखर असतो. कोर लहान झाली म्हणजे तिची आग कमी झाली असे मुळीच नाही.

डोळ्यात नेमके काय घडते?

लहानपणी भिंगाने उन्हात कागद जाळण्याचा खेळ आपण सर्वांनी केला आहे. आपल्या डोळ्यातही एक भिंग आहे. ते समोरच्या वस्तूची प्रतिमा डोळ्याच्या मागील पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर पाडते. ज्या वस्तूकडे आपण रोखून पाहतो तिची प्रतिमा पडद्याच्या अगदी मध्यभागी, पीतबिंदूवर पडते. वाचणे, सुई ओवणे, तांदळातले खडे निवडणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सारी बारीक नजरेची कामे या इवल्याशा जागेवर चालतात.

सूर्याकडे टक लावली की सूर्याची प्रतिमा नेमकी याच जागेवर पडते. तेथील पेशींना होणारी इजा मुख्यतः प्रकाशाच्या रासायनिक परिणामामुळे होते. निळा प्रकाश व त्याला लागून असलेले अतिनील किरण यात जास्त घातक ठरतात. दुर्बिणीतून पाहिले तर याच्या जोडीला प्रत्यक्ष उष्णतेनेही पेशी भाजतात. लहान मुलांच्या डोळ्यातील भिंग अगदी स्वच्छ असते. ते हे किरण मोठ्यांच्या भिंगापेक्षा अधिक प्रमाणात आत सोडते. म्हणून मुलांना धोका अधिक.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. डोळ्यात धुळीचा कण गेला तर आपण कासावीस होतो, पण मागचा पडदा भाजत असताना काहीही जाणवत नाही. त्रास पुढे काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतो. त्यामुळे ‘मी मघाशी पाहिले, मला काही झाले नाही’ या म्हणण्याला काडीचाही अर्थ नाही. ‘डोळ्यांना सोसवेल तेवढेच पाहू’ हा हिशोबही चुकीचा आहे, कारण सोसवत नाही हे सांगणारी यंत्रणाच तेथे नाही.

२६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी आपल्याकडे मोठे खंडग्रास ग्रहण दिसले होते. त्यानंतर दोन दिवसांनी शिलाईकाम करणारा एक तरुण माझ्याकडे आला. सुईत दोरा जात नाही आणि शिवणीची रेघ मधेच मोडल्यासारखी दिसते, ही त्याची तक्रार होती. डोळे लाल नव्हते, दुखत नव्हते, बाहेरून सारे ठीक होते. खोदून विचारल्यावर त्याने सांगितले, की दुकानासमोर उभे राहून त्याने दोन-तीन वेळा ‘जरासे’ वर पाहिले होते. मी त्याला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. पुढे काही महिन्यांत त्याची नजर बरीच सुधारली, पण बारीक कामाच्या वेळी एका डोळ्यात डाग जाणवतो तो जाणवतोच. ज्याचे पोट नजरेवर आहे त्याला ‘जरासे’ पाहण्याची ही किंमत!

असेच एक उदाहरण वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलेले आहे. २१ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेत ग्रहण झाले. न्यूयॉर्कमध्ये ते खंडग्रास होते, सूर्य सुमारे ७० टक्के झाकलेला होता. तेथील एका तरुणीने काही सेकंद उघड्या डोळ्यांनी ते पाहिले. काही तासांनी तिला नजरेच्या मधोमध काळा डाग दिसू लागला. डॉक्टरांनी तिच्या दृष्टिपटलाची सूक्ष्म छायाचित्रे घेतली तेव्हा जखमेचा आकार चंद्रकोरीसारखा आढळला. तिने पाहिलेली सूर्याची कोर जणू पडद्यावर छापली गेली होती.

एका लाखातले तीन भाग

ग्रहण पाहण्यासाठी लोक नाना साधने काढतात. ती का चालत नाहीत हे साध्या हिशोबाने पटेल. सूर्य पाहण्याच्या चष्म्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानक ठरलेले आहे. त्यानुसार दृश्य प्रकाशाच्या एक लाख भागांपैकी जास्तीत जास्त तीन-साडेतीन भागच डोळ्यापर्यंत पोहोचले पाहिजेत. ही फूटपट्टी मनात ठेवा आणि आता एकेक साधन पाहा.

परातीत पाणी घेऊन त्यात सूर्याचे प्रतिबिंब पाहण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. सूर्य डोक्यावर असताना पाणी सुमारे दोन टक्के प्रकाश परत फेकते. दोन टक्के म्हणजे लाखातले दोन हजार भाग. चालतात तीन, येतात दोन हजार! सूर्य कलता असेल तर याहूनही जास्त. पाण्यात हळद किंवा शेण कालवल्याने पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश कमी होत नाही. आरसा तर जवळजवळ सगळाच प्रकाश परत पाठवतो. थोर शास्त्रज्ञ न्यूटन याने तरुणपणी आरशातील सूर्याकडे पाहून डोळे असे बिघडवून घेतले, की त्याला तीन दिवस खोली अंधारी करून आत बसावे लागले. हे त्याने स्वतःच एका पत्रात लिहून ठेवले आहे.

साधा उन्हाचा गॉगल लाखातले हजारो भाग आत सोडतो. एकावर एक दोन गॉगल घातले तरी हिशोब जमत नाही. काजळी धरलेल्या काचेवर काजळी कोठे जाड, कोठे पातळ असते आणि बोट लागले की पुसली जाते. सीडी, रंगीत फिल्मच्या पट्ट्या, वेफर्सच्या पुडीचा चकचकीत कागद यांपैकी काहीही वापरू नये.

एक्स-रे फिल्मबद्दल स्वतंत्रपणे सांगतो. पूर्वी पूर्ण काळी झालेली कृष्णधवल फिल्म दुपदरी करून वापरावी असे सांगितले जाई, कारण तिच्यावर चांदीचा दाट थर असे. दवाखान्यातील फिल्मवर हाडाचे, छातीचे चित्र असते. तिचा थर सगळीकडे सारखा नसतो. वरवर काळ्या दिसणाऱ्या भागातूनही डोळ्यांना न दिसणारे किरण आत जाऊ शकतात. डोळ्यांना गार वाटते म्हणून माणूस जास्त वेळ पाहतो आणि घात होतो. म्हणून माझ्याकडे फिल्म मागणाऱ्यांना मी नाही म्हणतो. राग मानू नये.

मग पाहावे कशातून?

१. ग्रहण पाहण्याचा खास चष्मा. त्यावर उत्पादकाचे नाव व ‘आयएसओ १२३१२-२’ हा क्रमांक हवा. शाळा, विज्ञान मंडळे व खगोलमंडळे यांच्याकडून घेणे बरे. नुसता क्रमांक कोणीही छापू शकतो, म्हणून स्वतः तपासा. चष्मा लावून घरातील ट्यूबलाइटकडे पाहा, काहीही दिसता कामा नये. चष्म्यावर ओरखडा, घडी किंवा टाचणीएवढे छिद्र असेल तर तो फेकून द्या.

२. वेल्डिंगची १४ नंबरची काच. आपल्याकडील वर्कशॉपमध्ये सहसा याहून कमी नंबरची काच असते, ती पुरेशी नाही. नंबर वाचून घ्या.

चष्मा लावताना मान खाली घालावी, चष्मा लावावा आणि मग वर पाहावे. काढतानाही आधी मान खाली, मग चष्मा दूर. नंबरचा चष्मा असेल तर हा त्याच्यावरून लावावा. नंबरचा चष्मा सूर्यापासून संरक्षण देत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांनाही हाच नियम. लहान मुलांच्या हातात चष्मा देऊन आपण बाजूला होऊ नये. मुले चष्म्याच्या वरून डोकावतात.

ऑगस्टमध्ये आपल्याकडे आभाळ असते. ढगाआडून सूर्य फिकट चकतीसारखा दिसला की चष्म्याची गरज नाही असे वाटते. ढग केव्हा सरकेल याचा नेम नसतो, आणि पातळ ढगातूनही घातक किरण येत असतात. दिवाळीत २५ ऑक्टोबर २०२२ रोजी ग्रहण लागलेलाच सूर्य मावळला, तेव्हा तांबूस बिंब म्हणून पुष्कळांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले. तसे करू नये.

आकाशाकडे पाठ करून ग्रहण

खर्च शून्य आणि धोका शून्य अशी एक युक्ती आहे. पुठ्ठ्याला टाचणीने एक छिद्र पाडा. सूर्याकडे पाठ करून उभे राहा. छिद्रातून येणारा प्रकाश समोर धरलेल्या पांढऱ्या कागदावर पडू द्या. कागदावर सूर्याची चिमुकली प्रतिमा उमटेल आणि ग्रहण जसे वाढेल तशी तिची कोर होत जाईल. प्रतिमेचा आकार अंतराच्या साधारण शंभराव्या भागाएवढा असतो. पुठ्ठा व कागद यांत एक मीटर अंतर असेल तर प्रतिमा जेमतेम ९ मिलिमीटरची पडते. छिद्रातून वर सूर्याकडे पाहायचे नाही, हे मुलांना बजावून सांगा.

प्रतिमा मोठी हवी असेल तर लहानसा आरसा घ्या. त्यावर कागद चिकटवून मधे अर्धा सेंटिमीटरचे भोक ठेवा. आरसा उन्हात ठेवून कवडसा दहा मीटरवरील अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर पाडा. तेथे सुमारे ९ सेंटिमीटरचा सूर्य दिसेल. सगळा वर्ग एकदम पाहू शकेल. आरशाजवळ मात्र एक मोठे माणूस उभे करा, कोणी त्यात डोकावता कामा नये.

घरातील पिठाची चाळण उन्हात धरली तरी जमिनीवर शेकडो कोरी उमटतात. आंब्याच्या किंवा कडुनिंबाच्या झाडाखाली तर काहीच करावे लागत नाही. पानांच्या फटींतून पडणारे कवडसे ग्रहणात आपोआप कोरीच्या आकाराचे होतात.

फोटो काढताना

हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो. कॅमेरा, दुर्बीण यांच्या भिंगांमुळे डोळ्यात शिरणारा प्रकाश कितीतरी पटींनी वाढतो. ज्या कॅमेऱ्यात आरसा असतो व छोट्या खिडकीला डोळा लावून दृश्य पाहतात, तो सूर्याच्या बाबतीत सर्वांत धोक्याचा. त्याच्या खिडकीतून एक क्षणही सूर्य पाहू नये.

नियम एकच आहे. सूर्याचा फिल्टर भिंगाच्या पुढे, म्हणजे सूर्याच्या बाजूला हवा. डोळ्यावर ग्रहणाचा चष्मा लावून दुर्बिणीला किंवा कॅमेऱ्याला डोळा लावणे हे अतिशय घातक आहे. भिंगांनी एकवटलेला प्रकाश चष्म्याचा पडदा क्षणात वितळवू शकतो. प्रकाश कमी करणारे छायाचित्रकारांचे नेहमीचे फिल्टरही येथे चालत नाहीत. ते दृश्य प्रकाश अडवतात, पण उष्णतेचे किरण सोडू शकतात.

सूर्याचा फिल्टर घट्ट बसवावा, वाऱ्याने उडता कामा नये. कॅमेरा तिपाईवर ठेवावा, फ्लॅश बंद करावा आणि दृश्य मागच्या पडद्यावर पाहावे. संवेदनक्षमता १०० ठेवून भिंगाचे छिद्र एफ ८ वर असेल तर १/५०० सेकंदाच्या आसपास सुरुवात करावी आणि कमी-जास्त करून पाहावे. ३०० मिलिमीटरच्या भिंगाने सूर्याची प्रतिमा पावणेतीन मिलिमीटरची पडते, ५० च्या भिंगाने अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. फोटो काढून होताच भिंगावर झाकण लावावे. फिल्टर नसेल तर कॅमेऱ्याच्या आतील भागही जळू शकतो.

मोबाइलवर सूर्य एका ठिपक्याएवढा येतो. फोटो घ्यायचाच असेल तर ग्रहणाच्या चष्म्याची एक काच मोबाइलच्या भिंगापुढे धरावी आणि स्वतःच्या डोळ्यांवर दुसरा चष्मा असावा. मोबाइल सूर्याकडे रोखताना नजर पडद्याच्या कडेवरून हमखास सूर्याकडे जाते. खरे सांगायचे तर मोबाइलसाठी उत्तम फोटो जमिनीवरच असतात. झाडाखालच्या कोरी, चाळणीची नक्षी, भिंतीवरचा सूर्य आणि तो पाहणाऱ्या मुलांचे चेहरे टिपावेत.

गरोदर स्त्रिया आणि उपवास

ग्रहणामुळे पोटातील बाळाला व्यंग येते, याला वैद्यकशास्त्रात कोणताही आधार नाही. विळी-सुरी हातात घेतल्याने बाळाचा ओठ फाटत नाही. गरोदर सुनेला तासन्‌तास उपाशी व पाण्यावाचून एका जागी बसवून ठेवणे हे मात्र खरोखर अपायाचे आहे. मधुमेहाच्या रुग्णांनी ग्रहणासाठी जेवण चुकवू नये, साखर एकदम उतरून घात होऊ शकतो. रक्तदाबाच्या गोळ्याही ठरल्या वेळी घ्याव्यात. ज्यांना श्रद्धेने स्नान, जप करायचा आहे त्यांनी तो अवश्य करावा. औषध-पाणी मात्र थांबवू नये.

चुकून पाहिले गेले तर?

ग्रहणानंतर एक-दोन दिवसांत नजर धूसर होणे, मधोमध काळा किंवा पिवळसर डाग दिसणे, सरळ रेघा वाकड्या दिसणे, रंग फिके वाटणे, उजेड सहन न होणे ही लक्षणे आहेत. घरी तपासण्याची सोपी रीत सांगतो. गणिताची चौकटीची वही घ्या, पानाच्या मध्यावर एक ठिपका काढा. वाचनाचा चष्मा असेल तर तो लावा. वही एक फुटावर धरून एक डोळा झाकून ठिपक्याकडे पाहा, मग दुसरा. चौकटी वाकड्या, पुसट किंवा गायब दिसल्या तर लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जावे. ते ओसीटी नावाची पडद्याची तपासणी करतात. ती दुखत नाही.

या इजेवर खात्रीचे औषध नाही. म्हणून औषधाच्या दुकानातून थेंब आणून घालू नका. मध, गुलाबपाणी, आईचे दूध डोळ्यात टाकू नका. घाबरूनही जाऊ नका. ११ ऑगस्ट १९९९ च्या ग्रहणानंतर इंग्लंडमधील लेस्टर येथे डोळ्यांच्या तक्रारी घेऊन ४५ रुग्ण आले, त्यांपैकी बहुतेकांना पुढे आराम पडला. सुधारणा व्हायची ती साधारणपणे पहिल्या काही आठवड्यांत व महिन्यांत होते. थोड्या लोकांत मात्र डाग कायम राहतो, आणि तो कोणात राहील हे आधी सांगता येत नाही.

शिक्षक व पालकांना विनंती

मुलांना कोंडून ठेवल्याने कुतूहल कोंडले जात नाही. घरात बसवलेले मूल खिडकीच्या फटीतून पाहते, आणि तेही उघड्या डोळ्यांनी. त्यापेक्षा आधीच्या शनिवारी वर्गात प्रत्येकाकडून पुठ्ठ्याला छिद्र पाडून घ्या आणि नेहमीच्या उन्हात सूर्याची गोल प्रतिमा पाहण्याचा सराव करून घ्या. पुठ्ठे शाळेतच ठेवा. सोमवारी दुपारी आभाळ मोकळे असेल तर सर्वांना मैदानात सूर्याकडे पाठ करून उभे करा. आभाळ भरलेले असेल तर ग्रहण दिसणार नाही, पुठ्ठे मात्र पुढच्या वेळी कामी येतील.